चावी घरात, गाडी गायब: कीलेस गाड्यांचं करायचं काय?

तिसरा_गिअर (रविवार, रात्री १०:४२)

गेल्या आठवड्यात मेहुण्याची गाडी चोरीला गेली. पहाटे पावणेचारला. काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही, गाडी ओढून नेल्याची खूण नाही. दोन्ही चाव्या घरातच. एक दाराजवळच्या खुंटीला, दुसरी आतल्या कपाटात.

कॅमेऱ्यात दिसतं ते एवढंच: दोघं जण येतात. एक गाडीच्या दरवाजापाशी रेंगाळतो. दुसरा पाठीला सॅक लावून घराच्या भिंतीलगत सावकाश चालतो, भिंतीच्या आत काही सांडलंय आणि ते शोधतोय असा. घराच्या दाराशी येऊन थांबतो, आणि तेवढ्यात गाडीचे आरसे उघडतात. मिनिटाच्या आत गाडी फाटकाबाहेर. वळताना इंडिकेटरसुद्धा दिला हो!

चोरी झाली ते झालंच, पण त्यापुढचं जास्त लागलं. गाडी जिथून घेतली तिथला माणूस म्हणाला, "चावीशिवाय ही गाडी चालूच होत नाही." विम्याकडून आलेल्या गृहस्थांनी तेच वाक्य जरा वेगळ्या सुरात म्हटलं, "चावीशिवाय चालू होत नाही ना? मग चावी कुणाला दिली होती?" आमचा मेहुणा म्हणजे दुसऱ्याचं पेन चुकून खिशात आलं तर परत द्यायला दोन जिने उतरून जाणारा माणूस. त्या दिवसापासून नीट बोलत नाही.

माझीही गाडी बटणस्टार्ट आहे. रात्री दोनदा उठून खिडकीतून बघतो. जाणकारांनी सांगावं, हे नेमकं होतं कसं? आणि चावी ठेवायचे ते सिग्नल अडवणारे पाऊच-बिऊच घेऊन काही उपयोग होतो का?

---

निवांत_प्राणी (रविवार, रात्री १०:५५)

वाचनखूण साठवली. माझ्याकडे सायकल आहे, तरी.

---

प्रश्नचिन्ह (रविवार, रात्री ११:१०)

सिग्नल रेकॉर्ड केला असणार. तुम्ही रिमोटचं बटण दाबता तेव्हा कोपऱ्यात कुणीतरी यंत्र घेऊन उभा असतो, तो सिग्नल पकडतो आणि रात्री येऊन वाजवतो. म्हणून मी बटण दाबण्याआधी चारी बाजूंना बघून घेतो.

---

वायरमन (सोमवार, सकाळी ७:३०)

प्रश्नचिन्ह, तुम्ही म्हणताय तो वेगळा प्रकार. बटण दाबलं की दर वेळी नवा कोड जातो आणि वापरलेला कोड गाडी पुन्हा घेत नाही. त्यामुळे नुसतं रेकॉर्ड करून वाजवणं बहुतेक गाड्यांवर चालत नाही. त्यावरही तोड निघाली आहे. सॅमी कामकार या संशोधकानं २०१५ साली दाखवलेलं छोटं यंत्र तुमचा सिग्नल गाडीपर्यंत पोचूच देत नसे आणि तो न वापरलेला कोड स्वतःकडे ठेवून घेत असे. पण पहाटे पावणेचारला मेहुण्यांनी कुठलं बटण दाबलं होतं? ते झोपले होते. हा रिलेचा, म्हणजे सिग्नल पुढे पोचवण्याचा प्रकार आहे.

गाड्यांच्या वायरिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कीलेस गाडीत, म्हणजे चावी खिशात ठेवूनच उघडणाऱ्या आणि बटणानं चालू होणाऱ्या गाडीत, बोलायला सुरुवात चावी करत नाही, गाडी करते. तुम्ही हँडलला हात लावला की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर एक हाक देते. ही हाक मुद्दाम दबक्या आवाजातली, मीटर-दोन मीटरपलीकडे ऐकू न जाणारी. फॉब, म्हणजे तुमच्या खिशातली रिमोटची चावी, ती ऐकतो, जागा होतो आणि ४३३ मेगाहर्ट्झवर (काही देशांत ३१५ वर) उत्तर देतो. हे उत्तर मात्र खणखणीत, सहज काही दहा मीटर जाणारं. उत्तरात सांकेतिक गणित असतं, ते जुळलं की दार उघडतं. आत बसून बटण दाबलं की पुन्हा हीच प्रश्नोत्तरं होतात आणि इंजिन चालू होतं.

गाडीचा तर्क असा: माझी हाक दोन मीटरच जाते, ती ज्या अर्थी चावीनं ऐकली त्या अर्थी चावी दोन मीटरच्या आत आहे, आणि त्या अर्थी मालकही. सगळी गोम इथे आहे. चावी कुठे आहे हे गाडीनं मोजलेलंच नाही. ऐकू गेलं म्हणजे जवळ आहे, असं धरून चालली आहे.

हँडलपाशी उभ्या असलेल्या चोराच्या हातात गाडीची हाक ऐकणारा अँटेना असतो. ती हाक दुसऱ्याच्या सॅकमधल्या यंत्राकडे जाते आणि ते यंत्र ती भिंतीजवळ मोठ्यानं पुन्हा देतं. खुंटीवरच्या फॉबला वाटतं गाडी शेजारीच उभी आहे. तो इमानदारीत उत्तर देतो. ते उत्तर आधीच लांब जाणारं असल्यामुळे कित्येकदा ते पुढे पोचवायचीसुद्धा गरज पडत नाही, भिंत ओलांडून थेट गाडीला मिळतं.

कोड कुणी फोडला नाही की चावीची नक्कल केली नाही. चोराला त्या संवादातलं एक अक्षर कळलेलं नसतं, कळायची गरजही नसते. पाकीट न उघडता पोचवणाऱ्या पोस्टमनला पत्रातली भाषा यायलाच हवी असं थोडंच आहे?

---

शेवंती (सोमवार, सकाळी ९:०५)

वायरमन काका, दंडवत. पहिल्यांदा नीट कळलं.

एक शंका. गाडी पळवल्यावर चावी तर मागे घरातच राहिली. मग इंजिन बंद का पडत नाही?

---

वायरमन (सोमवार, सकाळी ९:४०)

चांगला प्रश्न. चावी दिसेनाशी झाली की गाडी पिंपिं करते, पडद्यावर सूचना देते, पण चालू इंजिन बंद करत नाही. मुद्दामच. भर वेगात असताना फॉबमधला सेल संपला आणि इंजिन बंद पडलं तर? चोरीपेक्षा ते भयंकर. त्यामुळे एकदा चालू झालेली गाडी टाकीत इंधन असेपर्यंत जाते. ठिकाणावर पोचल्यावर नवी चावी जुळवून घेतात किंवा सुटे भाग करतात.

---

गंजलेला_नट (सोमवार, दुपारी १:१५)

म्हणूनच सांगतो, खटॅक करून फिरवायची लोखंडी चावी ती चावी. दार उघडायला हात मोडले होते का लोकांचे? खिशातून चावी काढायचे दोन सेकंद वाचवायला अख्खी गाडी पणाला लावली. आमच्या जुन्या गाडीला आजवर कुणी हात लावला नाही.

---

प्रश्नचिन्ह (सोमवार, दुपारी १:३२)

+१. (जुन्या गाडीला हात का लावला नाही याची इतरही कारणं असू शकतात. हलके घ्या.)

---

काजवा (सोमवार, दुपारी ४:२०)

गंजलेला_नट, असहमत. लोखंडी चावीचं एवढं कौतुक नको. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत ज्या गाड्यांच्या चोऱ्यांनी कहर झाला त्या फिरवायच्या चावीच्याच होत्या. किआ आणि ह्युंदाईच्या २०११ ते २०२२ दरम्यानच्या अनेक स्वस्त मॉडेलांत तिथे इमोबिलायझरच (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) नव्हता. स्टीअरिंगखालचं आवरण काढायचं आणि उघडा पडलेला खुंट यूएसबी केबलच्या टोकानं फिरवायचा. पोरांनी त्याचे व्हिडिओ केले आणि २०२२ मध्ये लाट आली. २०१५ च्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर होता, या दोघांच्या फक्त २६ टक्क्यांत. शेजारच्या कॅनडात तो २००७ पासून सक्तीचा असल्यामुळे तिथे तीच मॉडेलं या खेळातून सुटली. युरोपात तर १९९८ पासून सक्ती आहे.

आणखी एक गंमत: त्याच कंपन्यांच्या बटणस्टार्ट गाड्यांत इमोबिलायझर होता, त्यामुळे यूएसबीवाल्या पोरांना त्या दाद देत नव्हत्या. म्हणजे लोखंड विरुद्ध रेडिओ असा हा सामनाच नाही. गाडी चालू व्हायच्या आधी काय तपासते, ते महत्त्वाचं.

---

गंजलेला_नट (सोमवार, सायंकाळी ६:०२)

बरं बुवा. पण कंपन्यांना हे रिलेचं आत्ता कळलं म्हणायचं का?

---

काजवा (सोमवार, रात्री ८:४८)

तेच तर दुखणं आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी २०११ मध्ये निबंध वाचला. ८ कंपन्यांची १० मॉडेलं घेतली आणि रिलेनं दहाच्या दहा उघडून चालू करून दाखवली. चावी अँटेनापासून ८ मीटरवर असली तरी काम होत होतं. पुढे २०१६ पासून जर्मनीच्या एडीएसी या मोटार संघटनेनं शेकडो मॉडेलांवर हीच चाचणी केली. बहुतेक नापास. २०१७ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी कॅमेऱ्यातलं चित्रण जाहीर केलं, ते धागाकर्त्यानं लिहिलंय जवळपास तसंच आहे. एक गाडीशी, एक घराच्या दाराशी.

त्या २०११ च्या निबंधातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. उत्तर यायला किती उशीर झालेला चालतो, हेही त्यांनी पाहिलं. काही गाड्या कित्येक मिलिसेकंद निवांत वाट बघत होत्या. रेडिओलहर एका मिलिसेकंदात ३०० किलोमीटर जाते! म्हणजे चावी दुसऱ्या शहरात असती तरी वेळेच्या हिशोबानं गाडीला ती शेजारीच वाटली असती.

---

शेवंती (सोमवार, रात्री ९:१५)

मग ती वेळच मोजायची ना नीट. सोपं आहे की.

---

काजवा (सोमवार, रात्री ९:५०)

कल्पना सोपी आहे आणि जुनीही. अंतर पडताळण्याची अशी पद्धत ब्रँड्स आणि चॉम यांनी १९९३ मध्येच मांडली होती. अडचण बारकाईची आहे. एका नॅनोसेकंदात लहर ३० सेंटिमीटर जाते. चावी दोन मीटरवर आहे की वीस, हे सांगायला नॅनोसेकंदातला फरक मोजता यायला हवा, आणि जुन्या फॉबच्या रेडिओला ते झेपणारं नाही. आता अल्ट्रावाइडबँड नावाचा रेडिओचा प्रकार आलाय, त्याला झेपतं. काही कंपन्यांनी २०१८ च्या आसपासपासून तो फॉबमध्ये घालायला सुरुवात केली, आणि फोनलाच चावी करण्याच्या २०२१ च्या मानकातही तो आहे. रिलेवाल्यांना यात खरी अडचण येते. सिग्नल कितीही मोठा करा, वाटेत गेलेला वेळ परत आणता येत नाही.

पण लगेच निर्धास्त होऊ नका. २०२४ मध्ये चीनमधल्या गोगोबाइट या गटानं अल्ट्रावाइडबँड असलेली नवी टेस्ला मॉडेल ३ जुन्याच रिले पद्धतीनं उघडून दाखवली. चिप होती, पण दार उघडताना अंतर पडताळायला गाडी ती वापरत नव्हती, ब्लूटूथवरच विसंबून होती. घराला दुसरं कुलूप बसवलं, पण लावलं कुणी नाही!

---

तिसरा_गिअर (सोमवार, रात्री १०:३०)

सगळ्यांचे आभार. पण माझी गाडी चार वर्षं जुनी आहे, तिला नॅनोसेकंद कळत नाहीत. तिचं काय करू ते सांगा.

---

वायरमन (मंगळवार, सकाळी ७:१०)

आधी गाडीचं माहितीपुस्तक काढा. बहुतेकांनी ते कधी उघडलेलं नसतं. फॉब झोपवायची सोय आहे का बघा. काही कंपन्यांच्या फॉबमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, थोडा वेळ हलला नाही की तो हाक ऐकणं बंद करतो. काहींमध्ये बटणांची ठरावीक जुळणी दाबून हातानं झोपवावं लागतं. काही गाड्यांत कीलेस उघडणं मेनूतून कायमचं बंद करता येतं. हा सगळ्यात खात्रीचा आणि फुकटचा उपाय. मग रोज बटण दाबून दार उघडावं लागेल, लागू दे. पण नुसतं उघडणं बंद होतं की चालू होणंही, ते तपासून घ्या.

चावी दाराजवळ, खिडकीजवळ ठेवू नका. ती दबकी हाक अंतराबरोबर फार झपाट्यानं विरते, त्यामुळे घराच्या मधोमध ठेवलेल्या चावीपर्यंत पोचणं चोराला जड जातं. जड जातं म्हटलंय, अशक्य नाही.

पाऊच चालतो. पण घडीवर आतलं धातूचं अस्तर झिजतं, तुटतं आणि बाहेरून काही दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी फॉब पाऊचमध्ये घालून गाडीशी जा आणि हँडल ओढून बघा. उघडली तर पाऊच टाकून द्या.

---

दवबिंदू (मंगळवार, सकाळी ११:२५)

आमच्या ग्रुपवर फिरतंय की चावी मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा. खरं का?

---

वायरमन (मंगळवार, दुपारी १२:४०)

मायक्रोवेव्ह नको. कुणीतरी सकाळी अर्धवट झोपेत बटण दाबेल आणि चोराच्या आधी आपणच चावी जाळू. शिवाय त्याचं दार वेगळ्याच लहरींसाठी बनवलेलं असतं.

कागदाचं जरा मजेशीर आहे. १२५ किलोहर्ट्झच्या चुंबकी हाकेला तो पातळ कागद पुरता अडवत नाही, पण फॉबच्या उत्तराला चांगला अडवतो. दोन्हींपैकी एक बाजू अडली की संवाद तुटतो, त्यामुळे नीट बंद गुंडाळलं तर काम होतं. चार दिवसांत फाटतो, एवढंच. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा त्यापेक्षा बरा. झाकणाला फट असेल किंवा कडेला जाड रंग असेल तर उत्तर तिथून निसटतं. म्हणून तिथेही तीच परीक्षा, डबा घेऊन गाडीपाशी जायचं.

---

निवांत_प्राणी (मंगळवार, दुपारी १:०५)

शेजारी काय म्हणतील? हा माणूस रोज डबा घेऊन गाडीला ओवाळतो.

---

काजवा (मंगळवार, सायंकाळी ५:३०)

वायरमनकाकांच्या प्रतिसादाला पुरवणी. पाऊच फक्त रिलेवर औषध आहे. चोर आता त्याच्याही पुढे गेलेत.

इयान टेबर नावाचे गाड्यांच्या सायबरसुरक्षेत काम करणारे गृहस्थ आहेत. २०२२ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या टोयोटा आरएव्ही४ चा पुढचा बंपर कुणीतरी उचकटला आणि हेडलाइटच्या वायरी ओढल्या. त्यांना वाटलं, टवाळ पोरांचा उद्योग. काही महिन्यांनी पुन्हा तेच. मग गाडीच गेली. चोरानं माणूस मात्र चुकीचा निवडला होता. टेबरनी गाडीनं कंपनीच्या सर्व्हरला पाठवलेल्या दोषनोंदी तपासल्या, चोरांच्या बाजारातलं तसलं यंत्र मिळवलं आणि केन टिंडेल यांच्यासोबत ते उलगडून २०२३ मध्ये सगळं जाहीर केलं. यंत्र दडवलं होतं एका साध्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात.

गाडीतले सगळे छोटे संगणक एकमेकांशी कॅन नावाच्या वायरजोडीवर बोलतात. ही पद्धत १९८० च्या दशकातली, बॉश कंपनीची. वायरवर आलेला निरोप कुणी पाठवला हे विचारायची त्यात सोयच नाही, कारण तेव्हा वायरीवर सगळे घरचेच असायचे. आता हेडलाइटसुद्धा त्या वायरीवर असतो आणि हेडलाइट बाहेरून हाताला लागतो. चोर तिथे जोडणी करतो आणि सांगतो, "चावी पटली, इंजिन चालू करायला हरकत नाही." यात तुमचा फॉब लागतच नाही. तो पाऊचमध्ये असो की समुद्रात.

त्यामुळे बंपर किंवा हेडलाइटची कड उचकटलेली दिसली, तर टवाळ पोरं म्हणून सोडून देऊ नका.

---

शेवंती (मंगळवार, सायंकाळी ६:१०)

झालं. आत्ता कुठे पाऊचची ऑर्डर दिली होती.

---

वायरमन (मंगळवार, रात्री ८:२०)

ऑर्डर राहू दे शेवंतीताई, रिले हा अजूनही चोरांचा आवडता मार्ग आहे. काजवा म्हणतो ते खरं आहे, पण त्या पद्धतीत चोराला बंपरशी झटापट करावी लागते, वेळ लागतो, आवाज होतो. चोराचं भांडवल म्हणजे वेळ आणि शांतता.

म्हणूनच मी स्टीअरिंगला बाहेरून लावायच्या लोखंडी दांड्याचा भक्त आहे. दिसायला गावठी, पण खिडकीतून दिसतो आणि रेडिओनं उघडत नाही. (गंजलेला_नट, खूश व्हा.) गाडीत चालवण्याआधी पिन टाकायची सोय असेल तर ती आजच लावा, कारण त्यात रिले आणि चावी दोन्ही निरुपयोगी ठरतात. ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो ते) कुलूप मिळतं, तेही बरं. आत शिरलेला चोर तिथून नवी चावी जुळवतो. ट्रॅकर लावा, पण त्याचा सिग्नल दाबणारा जॅमर घेऊन फिरणारेही आहेत.

धागाकर्त्याला एक सांगायचं राहिलं. मेहुण्यांना म्हणावं, दोन्ही फॉब जपून ठेवा, सेलसुद्धा काढू नका. काही कंपन्यांच्या फॉबमध्ये शेवटचा वापर आणि किलोमीटर नोंदलेले असतात, ते अधिकृत ठिकाणी वाचून घेता येतात. चित्रणाची मूळ फाइल ठेवा, फोनवर पुढे ढकललेली नको. आरसे कुठल्या क्षणी उघडले आणि त्या वेळी दुसरा माणूस कुठे उभा होता, हे वेळेसकट लिहून द्या. "चावी कुणाला दिली" या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. गाडीच्या लेखी चावी बरोबरच होती. फक्त ती खुंटीवरून बोलत होती.

---

तिसरा_गिअर (बुधवार, रात्री ९:३५)

आज परीक्षा घेतली. बायकोला म्हटलं, चल जरा खाली, प्रयोग आहे. फॉब नव्या पाऊचमध्ये घातला, घडी केली, हँडल ओढलं. गाडी टुणकन उघडली. पत्र्याच्या डब्यात घातला, पुन्हा उघडली. डब्यात पाऊच आणि पाऊचमध्ये फॉब. तरी उघडली. मी पाऊचवाल्याला शिव्या घालायला फोन काढला, तेव्हा बायकोनं शांतपणे विचारलं, "माझ्या पर्समध्ये दुसरी चावी आहे, ती चालते का?"

पर्स वर ठेवून आलो. पाऊच पास. डबा नापास, झाकणाची कड रंगवलेली आहे.

---

निवांत_प्राणी (बुधवार, रात्री ९:४१)

लोल. वहिनींना +१.

---

तिसरा_गिअर (शुक्रवार, रात्री ११:०५)

वायरमनकाका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मेहुण्याकडे जाऊन बसलो. कॅमेऱ्यातली मूळ फाइल काढली आणि एकेक सेकंद थांबवत पाहिली. आरसे ३ वाजून ४६ मिनिटं १२ सेकंदांनी उघडतात. त्या क्षणी सॅकवाला घराच्या दाराला जवळजवळ टेकलेला आहे. आम्ही आतून टेप लावून मोजलं. खुंटी दाराच्या पलीकडे ७० सेंटिमीटरवर.

अर्ज मेहुण्यानं स्वतःच्या हातानं लिहिला. सोमवारी देणार आहे. खुंटी काढून टाकली, भिंतीला दोन भोकं तेवढी राहिली आहेत.